चिठ्ठीत आलेली बाजू

दारू पिण्याचं कायदेशीर वय एकवीसवरून अठरावर आणलं पाहिजे, असं मी कुंभकोणमच्या एका भरलेल्या सभागृहात ध्वनिक्षेपकासमोर उभी राहून ठणकावून सांगितलं, तेव्हा मी स्वतः अठराची होते. अंगावर परकर-दावणी, म्हणजे तिकडची अर्धी साडी, केसांत अबोलीचा गजरा, आणि बाजूच्या टेबलाशी बसलेल्या तीन परीक्षकांपैकी एक माझ्या थोरल्या बहिणीचे सासरे. तेव्हापासून पुष्कळांनी मला समजावलं आहे की ते वयच तसं होतं, रक्त गरम होतं. आता माझं रक्त रोज सकाळच्या गोळीनं गार ठेवलेलं असतं. मत तेच आहे.

आधी आमच्या घराबद्दल सांगायला हवं. आम्ही तंजावरकडचे मराठी. मराठ्यांच्या राज्यात कोणी पूर्वज इकडे आला आणि इकडचाच झाला. घरात मराठी, उंबरठ्याबाहेर तमिळ. ती मराठीही अशी की पुढे मी पुण्याला नोकरीला आले तेव्हा कचेरीतले लोक माझ्याभोवती जमून ‘आणखी थोडं बोला ना’ म्हणायचे. त्यांना वाटायचं, एखादी बखरच उठून चहा प्यायला आली आहे. इथे लिहिते ती मराठी त्या कचेरीत घासूनपुसून घेतलेली आहे. पण घरात एक नियम होता, जो कोणी कधी शिकवला नाही आणि सगळ्यांना पाठ होता. घरातली गोष्ट तमिळमध्ये बोलायची नाही. आजार, भांडणं, कोणाचं लग्न का मोडलं, हे सगळं मराठीत. भिंतीपलीकडच्या शेजारणीला आमचं प्रत्येक भांडण ऐकू जायचं, पण कळायचं नाही, आणि आमची सगळी अब्रू त्या न कळण्यावर उभी होती.

अप्पा, म्हणजे माझे वडील, कोर्टात शिरस्तेदार होते, कचेरीतल्या सगळ्या कारकुनांच्या वरचे. कोण सज्ञान, कोण अज्ञान, कोणाची सही चालते आणि कोणाची नाही, हे त्यांच्या जिभेवर असायचं. अक्का, म्हणजे ती थोरली बहीण, माझ्याहून वर्षानं मोठी. तिला अठरा पूर्ण झाल्यावर अप्पांनी तिचं लग्न लावलं. एक दिवसही आधी नाही. कायद्याचा माणूस! स्थळ आडुतुरैचं, बसनं तासाभराच्या आतलं, आमच्यातलंच. मुलगा सरकारी नोकरीत, सासरे निवृत्त मुख्याध्यापक, घरात सोवळंओवळं आमच्यापेक्षा कडक. अम्मा तर हरखून गेली होती. तिच्या मते त्या घरात कांद्यालासुद्धा परवानगी काढून शिरावं लागलं असतं.

आषाढात, म्हणजे तिकडच्या आडी महिन्यात, नव्या सुनेनं माहेरी राहायचं असतं. त्याप्रमाणे अक्का आली. हसायची कमी, झोपायची फार. अम्मानं तिला काही विचारलं नाही आणि तिनं काही सांगितलं नाही. आमच्याकडे न विचारणं हीच माया समजली जाते.

मग तिच्या सासरहून निरोप आला. त्यांच्याकडची एक म्हातारी नातेवाईक कुंभकोणमला देवदर्शनाला आली होती, ती ओट्यावर टेकली आणि पदरानं वारा घेत म्हणाली, “वरलक्ष्मीच व्रत आल. देवाच चांदी अस्क बीरोंत अहे म्हणे. किल्ली सुनेकड राहून गेली. पाठवून द्या म्हणताहेत.” अस्क म्हणजे सगळं, आणि बीरो म्हणजे आपलं पोलादी कपाट. आमच्या भागात सगळे त्याला बीरोच म्हणतात.

म्हातारी गेल्यावर अम्मानं हात पुढे केला. “चुकून आणलीस होय ग? दे, उद्यांच पाठवूं.”

अक्कानं कमरेची किल्ली काढली, पण दिली नाही. मुठीत धरून म्हणाली, “त्या बीरोंत चांदी नाहीं.”

“मग काय अहे?”

“त्यांच औषध.”

अम्मा घाबरलीच. तिला वाटलं जावयाला क्षय वगैरे आहे की काय. मग हळूहळू उलगडा झाला. औषध म्हणजे ब्रँडी. त्या घरात तिला औषधच म्हणत. गावात ब्रँडीचं दुकान होतं, पण भावोजी तिथे जायचे नाहीत, कोणी पाहील म्हणून. बाटल्या तंजावरहून पिशवीतून यायच्या आणि बीरोत राहायच्या. लग्नाला दोन आठवडे झाल्यावर सासूबाईंनी किल्ली सुनेच्या हातात दिली होती. “अता तूं सांभाळ. सांजेस एक पेला द्याच आणि कुलूप लावाच. जास्त मागितल तर देऊं नको.”

नवरा रोज जास्त मागायचा. नाही म्हटलं की मनगट पिरगाळायचा. दिलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई विचारायच्या, “किल्ली तुझ हातांत होती ना? मग कस जाल हे?”

अक्कानं बांगड्या वर सारल्या आणि मनगट दाखवलं. निळं होऊन पिवळं पडत आलेलं. अम्मानं एकदा पाहिलं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ उगाचच डबे पुसत बसली.

किल्लीचं मात्र मला हसू येतं, अजूनही. अक्का निघाली त्या दिवशी सासूबाईंना किल्ली आठवली होती. पण दारात आळीतल्या चार तमिळ बायका हळदीकुंकवाला उभ्या होत्या. त्यांच्यासमोर किल्ली मागावी तर कसली किल्ली, कशाला, असं विचारणं आलं. म्हणून बाई गप्प राहिल्या आणि सून किल्लीसकट बसमध्ये बसली. आता कुलूप फोडायचं तर किल्लीवाल्याला बोलवावं लागणार, आणि दार उघडल्यावर आत काय आहे ते तो पाहणार. तंजावरहून नवी बाटली आणणं काही अवघड नव्हतं, पण कुलूप नाही आणि कुलूप लावणारीही नाही, म्हणजे बाटली उघड्यावर आली. एवढी कडक माणसं, पण एका कपाटापुढे हात टेकून बसली होती. आमच्याच लोकांत होऊ शकतं असं.

अप्पांना संध्याकाळी सगळं कळलं. झोपाळ्यावर बसून त्यांनी ते ऐकून घेतलं, झोका थांबवला, आणि म्हणाले, “लहान अहे अजून. संसारांत अस चालत. हळू हळू समजेल तिला. आडी संपून आवणी लागली कीं चांगला दिवस बघून पाठवूं.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी विचारलं, “अप्पा, कोर्टांत एकोणीस वर्षांची बाई लहान का मोठी?”

“कोर्ट वेगळ, घर वेगळ.”

“घरांत कधी मोठी होते ती?”

त्यांनी मला अभ्यासाला जायला सांगितलं.

पण घरात मोठं कधी होतात, हे मला ठाऊक होतं. आम्ही वैष्णव. आमच्यात एकादशीला आठ वर्षांवरच्या आणि ऐंशी वर्षांखालच्या कोणाला सुटका नाही, आणि एकादशी म्हणजे साबुदाणा नव्हे, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. आठव्या वर्षी पहिल्या एकादशीला मी आंघोळ करताना तोंडात गेलेलं पाणी गिळलं नाही ना, हे बघायला आत्या न्हाणीघराच्या दारात उभी होती. त्याच्याही आधी, मी कडेवर असताना, मठातल्या स्वामींनी तापवलेली शंखचक्राची मुद्रा माझ्या दंडावर उमटवली होती. सगळ्यांच्याच उमटवतात, बाळांच्यासुद्धा. माझ्या किंचाळण्याचं घरात कौतुकानं वर्णन व्हायचं. तेव्हा मला कोणी लहान आहे म्हटलं नाही. अंगावर काही लादायचं असेल तेव्हा आम्ही मोठ्या होतो. आम्ही तोंड उघडलं की त्याच क्षणी लहान.

त्याच सुमारास माझ्या कॉलेजात ती वक्तृत्वस्पर्धेची चिठ्ठी आली. आदल्या वर्षी मत देण्याचं वय एकवीसवरून अठरावर आलं होतं आणि सगळीकडे त्याचीच चर्चा होती. गावातल्या एका मंडळानं आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा ठेवली. विषय, अठराव्या वर्षी मत देता येतं तर दारू पिण्याचं वयही अठरा करावं का. बाजू चिठ्ठ्या टाकून ठरवायच्या. आमच्या कॉलेजच्या वाट्याला ‘करावं’ आलं, आणि बाकीच्या मुलींना एकाएकी घसादुखी झाली. उरले मी.

अशा स्पर्धांत एक रिवाज होता. अडचणीची बाजू आली की सुरुवातीलाच म्हणायचं, ‘ही बाजू मला चिठ्ठीतून मिळालेली आहे, हे माझं मत नव्हे.’ एवढं म्हटलं की मग काहीही बोला, कोणी मनावर घेत नसे. मुलींच्या तोंडी तर ते वाक्य असायलाच हवं, गजऱ्यासारखं. अम्माला विषय कळला तेव्हा तिनं कपाळाला हात लावला, पण त्या वाक्याची आठवण होताच तिच्या जिवात जीव आला.

मग दुसरी बातमी आली. परीक्षक म्हणून अक्काच्या सासऱ्यांना बोलावलं होतं. आवणी लागली होती, दिवस चांगला होता. स्पर्धा आटोपून ते दुपारी आमच्याकडे जेवतील आणि सुनेला घेऊन संध्याकाळच्या बसनं आडुतुरैला जातील, असं ठरलं. एकाच खेपेत दोन्ही कामं.

अप्पा म्हणाले, “मी येत नाहीं. व्याह्यांपुढ माझी लेंक दारूवर बोलताना मज बघवणार नाहीं.”

अम्मा म्हणाली, “ते एक वाक्य पहिल म्हणून टाक. जीभ झिजते का तुझी? मग काय बोलाच ते बोल.”

मी म्हटलं, म्हणेन. खरंच म्हणणार होते. रागावले असले तरी घरातली मुलगी होते.

त्या दिवशी सकाळी अक्का माझी वेणी घालत होती. तिची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. वेणी संपवून गजरा माळला आणि तिनं मागूनच माझा हात धरून तळव्यात काहीतरी ठेवलं. किल्ली. तिच्या कमरेची ऊब अजून होती तिला.

“हे मी घेऊन जात नाहीं,” ती म्हणाली. “तूं देऊन ये त्यांस.”

“कोठ देऊं? घरीं जेवास येतील तेव्हां?”

“नक्को. जेथ अस्कांस दिसेल तेथ दे.”

मी वळून तिच्याकडे पाहिलं. रडत नव्हती. फणीतले केस काढत होती. मला त्या क्षणी कळलं की ही किल्ली चुकून आलेली नव्हती, किंवा आली असली तरी आता चुकून राहिलेली नव्हती. तिच्या हातून एवढी एकच गोष्ट होण्यासारखी होती आणि ती तिनं केली होती. पुढचं माझ्याकडे होतं.

सभागृह गच्च भरलं होतं. आत जागा नसलेल्यांसाठी बाहेर झाडाला कर्णा बांधला होता. माझ्या आधी मुलांच्या कॉलेजातला एक जण बोलला, विरुद्ध बाजूनं. अठराव्या वर्षी मन ओल्या मातीसारखं असतं, त्याला वाईट वळण लागू देऊ नये, वगैरे. छान बोलला. टाळ्या पडल्या. अक्काच्या सासऱ्यांनी मान डोलावली. पांढरंशुभ्र धोतर, कपाळावर गोपीचंदनाची रेघ, चेहऱ्यावर मुख्याध्यापकाचं समाधान.

माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले, वंदन केलं, आणि ते वाक्य म्हणायच्या जागी थांबले. सगळे वाट पाहत होते. आमच्या बाईंनी खालून ओठ हलवून मला आठवण करून दिली. मी म्हटलं, “चिठ्ठी निघाली नसती तरी मी हीच बाजू मागून घेतली असती.”

मागच्या रांगांत कोणीतरी शिट्टी घातली. सासऱ्यांनी चष्मा काढला.

मग मी बोलले. सगळं आठवत नाही, पण राग आठवतो. मी म्हटलं, दारू चांगली की वाईट हा आजचा विषय नाही. वाईट असेल तर ती पन्नाशीतही वाईटच. विषय हा आहे की माणूस स्वतःच्या तोंडाचा मालक कधी होतो. मी एकादशीचं सांगितलं, तहान सोसायला आठ वर्षं पुरतात म्हणून. आमच्या आत्याचं सांगितलं. ती बिचारी दारूच्या थेंबाला न शिवणारी, पण जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव घ्यायची आणि मग तिला सगळ्या जगाबद्दल प्रेम वाटू लागायचं. सभागृह हसलं. मग मी म्हटलं की ज्या ओल्या मातीबद्दल आत्ता ऐकलंत, त्याच वयाच्या मुलीला आपण पिणाऱ्या माणसाच्या घरी देतो. ती त्याची ओकारी पुसते, त्याचा मार खाते, शेजारी विचारतील म्हणून खिडक्या लावून घेते. हे सगळं करायला ती पुरेशी मोठी आहे. फक्त पेल्याबद्दल स्वतःचं काही मत असायला लहान आहे. कायदा म्हणतो, तुला अजून ‘हो’ म्हणता येत नाही. पण ज्याला ‘हो’ म्हणता येत नाही, त्याच्या ‘नको’ला कोण विचारतं? त्याला आधी कोणी विचारलेलंच नसतं.

आणि मग मी किल्ली काढली आणि वर धरली.

“ही एका बीरोची किल्ली आहे,” मी म्हटलं. तमिळमध्ये, कर्ण्यातून. “त्या बीरोत बाटल्या आहेत. घरातल्या मोठ्यांना त्या सांभाळता आल्या नाहीत, म्हणून त्यांनी ही किल्ली अठरा वर्षांच्या सुनेला दिली. कोणाच्या घरातली ते मी सांगणार नाही. पण ज्या मुलीच्या हातात तुम्ही बाटलीची किल्ली दिलीत, तिला लहान म्हणायचा हक्क तुम्ही त्याच दिवशी घालवलात. आता तिला काय हवं ते तिला विचारा.”

मी परीक्षकांच्या टेबलापर्यंत गेले आणि किल्ली मधोमध ठेवली. “ज्यांची असेल त्यांनी घ्यावी,” म्हटलं, आणि जागेवर येऊन बसले.

टाळ्या फार पडल्या नाहीत. मधल्या खुर्चीतल्या परीक्षक, तमिळच्या प्राध्यापिका, किल्लीकडे पाहून म्हणाल्या, “कोणाची आहे ही?” आणि सगळे खरंच वाट पाहू लागले. सासऱ्यांनी वर पंख्याकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. हात पुढे केला असता तर किल्ली त्यांची होती, एवढंच करायचं होतं. त्यांनी हात धोतराच्या घडीवर ठेवले आणि ते तिथून हलले नाहीत.

करंडक ओल्या मातीला मिळाला. सासरे जेवायला आले नाहीत. सभागृहातून सरळ बसस्टँडवर गेले. आमच्याकडे पानं वाढून ठेवली होती, ती अम्मानं झाकली. अक्काची पिशवी दाराशीच होती. संध्याकाळी सभागृहाचा रखवालदार माझा विसरलेला डबा घेऊन आला आणि डब्यात ती किल्लीही होती. अक्कानं ती स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवली.

अप्पा उशिरा आले. माझ्याकडे न बघता एवढंच म्हणाले, “घरची गोष्ट तमिळांत बोललीस.” आणि मग माझ्याशी बोलायचं सोडून दिलं. मला काही हवं असेल तर अम्माला सांगायचं, अम्मानं त्यांना सांगायचं, आणि हे सगळं दोन हातांच्या अंतरावर. दिवाळी तशीच गेली. नातेवाईक माझ्या तोंडाला कुलूप घालायचा उपदेश करून जात. कोणी म्हणायचं, या मुलीला आता स्थळ कुठलं मिळणार. मी म्हणायचे, मिळालेल्या स्थळाचं काय झालं ते आत बसलंय, बघून जा.

मी हट्टीपणानं हे सगळं सोसलं असं नाही, मला रडू यायचं. अप्पा माझे लाडके होते. पण पुन्हा कधी मला असं वाटलं नाही की ते वाक्य म्हणून टाकायला हवं होतं. पुढे नव्वदच्या दशकात पुण्याला आले तेव्हा कळलं की महाराष्ट्रात तर दारूचं वय एकवीसहूनही वर, पंचवीस आहे, आणि कचेरीतली बावीस-तेवीसची पोरं दर शनिवारी ते धाब्यावर बसवतात. सगळ्यांना ठाऊक, सगळे मूग गिळून. पुन्हा तेच बीरो. दारूचा थेंब मी आजवर घेतलेला नाही. हे पुण्य म्हणून सांगत नाही. घेतला असता तरी हेच म्हटलं असतं. ज्याला आपण लग्न, मत आणि घरादाराचं ओझं देतो त्याच्यापासून पेला लपवायचा, ही काळजी नव्हे, धाक आहे.

इकडे त्या दिवाळीनंतर आडुतुरैहून एक बातमी आली. त्यांनी नवं बीरो घेतलं होतं. जुनं तसंच, कुलूपबंद, माजघरात उभं.

पोंगल झाल्यावर थोरले काका आले. अप्पांचे चुलतभाऊ, अक्काचं लग्न जमवणारे. अम्मानं रस्त्याकडचं दार लावून घेतलं, म्हणजे बोलणं घरचं होतं. काका झोपाळ्यावर बसले, कॉफी घेतली, आणि मग मुद्द्यावर आले.

“ते मोठ्या मनाच लोक अहेत. किल्ली नको म्हणाले. अस्क विसरतों म्हणाले. फक्त धाकटीनं एकदां त्यांच घरीं येऊन म्हणाव, चिठ्ठींत आलेली बाजू होती, माझ मत नव्हे. येवढच. मग अक्कास उद्यांच नेतात.” त्यांनी आम्हां दोघींकडे पाहून हात हलवला. “पोरी लहान अहेत. समजत नाहीं त्यांस.”

सगळे माझ्याकडे बघू लागले. अम्माच्या डोळ्यांत अक्षरशः विनवणी होती. तिला थोरली सासरी आणि धाकटीची अब्रू, दोन्ही त्या एका वाक्यात मिळत होतं. अक्का भिंतीशी सूप घेऊन तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला होता. मी ते वाक्य म्हटलं असतं तर तिला पुन्हा पिशवी भरावी लागली असती, हे आम्हां दोघींना ठाऊक होतं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं.

तेवढ्यात अप्पा उठले. दाराशी गेले, कडी काढली आणि दोन्ही फळ्या सताड उघडल्या. समोरच्या ओट्यावर शेजारीण भाजी घेत होती. अप्पा वळले आणि तमिळमध्ये, कोर्टात पुकारा करावा तशा आवाजात म्हणाले, “ज्या मुलीच्या हातात तुम्ही बाटलीची किल्ली दिलीत, तिला लहान म्हणायचा हक्क तुम्ही त्याच दिवशी घालवलात.”

समोरचा भाजीवाला तराजू धरून तसाच राहिला. काका उठून उभे राहिले. “तमिळांत काय म्हणून बोलतां? दार लावा!” मग त्यांच्या लक्षात आलं. “हे तर तिचच बोलण. अक्षरान अक्षर. तुम्हीं तेथ नव्हतां.”

“होतों,” अप्पा म्हणाले. “सायकली ठेवाच जागीं उभा होतों. कर्णा होता बाहेर.”

इतके महिने मी त्या माणसाच्या एका शब्दासाठी झुरत होते, आणि माझे सगळे शब्द त्यांच्यापाशी होते. पण अप्पा माझ्याकडे बघत नव्हते. ते अक्कासमोर जाऊन उभे राहिले. तिच्या लग्नाआधी नाही, लग्नानंतर नाही, किल्लीचं कळल्यावर नाही, पण आता, दार उघडं ठेवून, त्यांनी तिला तमिळमध्येच विचारलं, “तुला जायचं आहे का?”

अक्कानं सूप खाली ठेवलं. उठली, आणि रस्त्याकडे तोंड करून, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं, तमिळमध्ये म्हणाली, “नाही.”